गावाची दुसरी खोली

माझा नातू पवईला शिकतो. आणखी तिघांबरोबर एका फ्लॅटमध्ये राहतो, त्याला ते पीजी म्हणतात. परवा आला आणि तोंड पाडून म्हणाला, “आजोबा, अजिबात प्रायव्हसी नाही हो. बाकीचे माझं दूध पितात.” मला जे हसू फुटलं ते आवरेना. सूनबाई पाणी घेऊन धावली, तिला वाटलं म्हाताऱ्याला ठसका लागला. ठसका कसला डोंबलाचा! मला एकदम आमची डिलाईल रोडची खोली आठवली, आणि पाठोपाठ दादरचं हॉस्टेल आठवलं, आणि त्या दोघांच्या मध्ये माझी जी काय चटणी झाली ती सगळी आठवली. पोराला सांगायला बसलो तर तो फोनमध्ये बघत होता. म्हणून आता कागदालाच सांगतो.

डिलाईल रोडच्या एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर आमच्या गावाची खोली होती. गावाचं नाव लिहीत नाही, तिथली माणसं अजूनही भांडखोर आहेत. गावाची खोली म्हणजे कुणा एकाच्या मालकीची नव्हे. गावातला जो कुणी बापया पोटासाठी मुंबईला येईल आणि गिरणीत चिकटेल त्याची ती खोली. भिंतीवर त्याला एक खुंटी मिळायची, माळ्यावर ट्रंकेपुरती जागा मिळायची, आणि जमिनीवर निजायला एक पथारी. तीही पाळीनं. रातपाळीवाले सकाळी कापसाचे तंतू केसांत घेऊन यायचे आणि दिवसपाळीवाले उठून गेलेल्या उबेतच आडवे व्हायचे. त्या पथाऱ्यांना थंड व्हायला कधी सवडच मिळाली नाही. खोलीला कुलूप नव्हतं, कारण खोलीत माणूस नाही असा क्षण नव्हता. खोलीचे कारभारी नाना म्हणायचे, “खोली रिकामी ठेवूची नाय. रिकामी खोली म्हणजे पाप.” हे ते इतक्या गंभीरपणे म्हणायचे की सुरुवातीला मला वाटायचं, हे पोथीतच लिहिलेलं असावं.

नाना नात्यानं माझे कोणीच नव्हते आणि तरी मुंबईत माझा बाप तेच होते. माझे वडील गावी शेतीत. त्यांनी मला मॅट्रिकनंतर नानांच्या हवाली केलं. नाना साचेखात्यात होते. चारशे माग एका वेळी खडखडत असताना एका टोकाहून दुसऱ्या टोकाच्या माणसाला हाक मारायची सवय, त्यामुळे ते कानात काही सांगायला लागले तरी ते खालच्या मजल्यावर कळायचं. त्या आवाजाला त्या वर्षांत फार भाव होता. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. मोर्चा निघाला की नाना पुढे, आणि त्यांनी “संयुक्त महाराष्ट्र” अशी साद घातली की ती चिंचपोकळीच्या पुलापर्यंत जायची असं लोक म्हणत. लोक वाढवून सांगत असतील, पण फार नाही. त्या दिवसांत आमच्या आजूबाजूची माणसं गोळ्या लागून मेली. त्या गोष्टीची मस्करी मी कधी केली नाही आणि इथंही करणार नाही. पण माणसं त्यातही जेवायची, भांडायची, भजनं म्हणायची, आणि पोरांना परीक्षा द्यायच्याच असायच्या.

मी इंटर सायन्सला होतो. इंटरला पहिला वर्ग मिळाला तर मेडिकलला जागा, नाहीतर गिरणी. यात तिसरा रस्ता नव्हता. नानांनी त्यांच्या जॉबरला, म्हणजे खात्यातल्या मुकादमाला, शब्द टाकून ठेवला होता की पोरगा नापास झाला तर बदली कामगार म्हणून लावून घ्या. हे त्यांनी मायेनंच केलं होतं, पण मला रोज रात्री स्वप्नात भोंगा ऐकू यायचा. आणि त्या खोलीत अभ्यास कसा करायचा सांगा! एका कोपऱ्यात भिकाजी घोरतोय. हा भिकाजी कायमचा रातपाळीचा माणूस, अंगानं पैलवान, आणि घोरणं असं की मध्येच थांबलं तर सगळे दचकून त्याच्या नाकाशी हात धरून बघायचे. जागा असला की पखवाज वाजवायचा. दर गुरुवारी भजन. तळमजल्यावर काशीकाकीची खानावळ, तिथून दुपारी बांगड्याच्या कालवणातल्या तिरफळाच्या वासानं पुस्तकातली अक्षरं हलायला लागायची. मी गॅलरीत नळाजवळ बसून वाचायचो, तर पाणी भरायला येणारी प्रत्येक बाई विचारायची, “काय रे, अजून तेच पुस्तक?” मी माझ्या आयुष्यात सेंद्रिय रसायनशास्त्र शिकलो ते बादल्यांच्या मधे.

म्हणून मी हॉस्टेलसाठी अर्ज केला, आणि जागा मिळाली. दादरला, कॉलेजचंच हॉस्टेल, दोन मुलांना एक खोली. मी बघून आलो आणि जिन्यातच बसलो. खोलीत दोन खाटा, दोन टेबलं, दोन खुर्च्या, आणि बाकी नुसती जागा! खिडकीबाहेर बदामाचं झाड, आणि शांतता इतकी की आपल्याच पोटातलं गुरगुरणं ऐकू यावं. तेव्हा मला वाटलं की स्वर्गात गेल्यावर चित्रगुप्त अशीच एक खोली दाखवत असेल.

रविवारी खोलीत गावाच्या मंडळाची बैठक असायची. मी उठून उभा राहिलो आणि म्हणालो, “नाना, मला कॉलेजच्या हॉस्टेलमध्ये खोली मिळाली.”

मग नानांनी पानाचा विडा गालात सरकवला. “खोली? केवढी?”

“दोघांची आहे.”

“दोघांची म्हणजे आपले धा जण आरामात,” भिकाजी म्हणाला.

“नाही हो, ती अभ्यासासाठी—”

“अभ्यास करूक कोण नाय म्हणता? तू टेबलावर कर, आम्ही खाली निजतो,” नाना म्हणाले आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मला पुढचं बोलवेना. “ऐकलास मरे? आमच्या झिलान गावाक दुसरी खोली गावली! दादराक!” आणि सगळी खोली उठून माझ्या पाठीवर थापा मारायला लागली. मी तीनदा सांगितलं की ती खोली कॉलेजची आहे, गावाची नाही. पण त्या माणसांच्या डोक्यात गावाच्या माणसाला मिळालेली खोली गावाची नाही हे वाक्य बसायला जागाच नव्हती. काशीकाकीनं गोडाचा शिरा केला. मला वाटलं, चार दिवसांची हौस आहे, होईल थंड. मूर्ख मी.

मी हॉस्टेलला गेलो तो एकटा नाही गेलो. ट्रंक भिकाजीच्या डोक्यावर, पुढे नाना, मागे खोलीतले जेवढे रिकामे होते तेवढे सगळे, आणि एकाच्या हातात नारळ. फाटकावरचा पहारेकरी अडवील अशी माझी आशा होती. तर तो शेजारच्या गावचा निघाला. त्यानं नानांना ओळखलं, पाया पडला आणि वाट दाखवायला स्वतः पुढे झाला. वर माझा खोलीतला जोडीदार जोगळेकर बसला होता. वाईचा मुलगा, सडसडीत, चष्मेवाला, कपाळावर गंध, गणितात देवमाणूस. त्यानं दारात एवढी माणसं पाहिली आणि त्याला वाटलं, आग लागली. तो चटकन उठून वह्या गोळा करायला लागला.

नानांनी मधोमध नारळ ठेवला, टोपी सारखी केली आणि गाऱ्हाणं घातलं. आमच्याकडे नवीन काही करायचं तर आधी देवाला गाऱ्हाणं घालतात. एकानं सांगायचं आणि दर वाक्याला बाकीच्यांनी होकार द्यायचा. नाना त्यांच्या गिरणीच्या आवाजात म्हणाले, “बा देवा रवळनाथा, तुझी लेकरां आज ह्या नव्या खोलीत पाय ठेवतत, म्हाराजा!”

“होय म्हाराजा!”

“आमच्या दिगंबराक पयल्या वर्गात पास कर, म्हाराजा!”

“होय म्हाराजा!”

“ह्या खोलीवर कोणी वाकडी नजर टाकीत, तर तेचो बंदोबस्त कर, म्हाराजा!”

“होय म्हाराजा!”

शेवटच्या होकारात जोगळेकर पण होता. तो नंतर म्हणाला की घाबरून तोंडातून निघून गेलं. सगळं हॉस्टेल दारात जमलं होतं. नारळ फुटला, खोबरं वाटलं गेलं, आणि मग भिकाजीनं खिशातून हातोडी काढून भिंतीला ओळीनं खुंट्या ठोकल्या. जोगळेकरनं विचारलं, “इतक्या कशाला? आपण तर दोघेच.” मी म्हणालो, “सांगतो नंतर.” काय सांगणार होतो, कपाळ!

पहिले चार-पाच दिवस कोणी आलं नाही. मी हॉस्टेलचा माणूस व्हायला लागलो. सकाळी घंटा, मग हजेरी, मग मेसमध्ये न्याहारी. मेसच्या आमटीत डाळ शोधायला भिंग लागायचं आणि भाजी रोज एकच, फक्त तिचं नाव बदलायचं. पण शांतता होती! मी पुस्तक उघडलं की ते उघडंच राहायचं, कोणी त्यावर तंबाखूची डबी ठेवत नव्हतं. जोगळेकर मला गणित शिकवायचा, मी त्याला बेडकाचं पोट फाडायला मदत करायचो, कारण त्याला बेडूक दिसला की घेरी यायची. मला खरंच वाटायला लागलं की जमणार आपल्याला, पहिला वर्ग येणार.

मग एके दुपारी जोगळेकर डोकं दुखतं म्हणून कॉलेजातून लवकर परतला आणि तसाच धावत प्रयोगशाळेत मला बोलवायला आला. “अरे, तुझ्या खाटेवर एक उघडाबंब माणूस मेलाय!”

“घोरतोय?”

“नाही.”

“थांब जरा, घोरेल,” मी म्हणालो आणि हातातलं काम टाकून धावलो. जाऊन बघतो तर भिकाजी. दिवसा हॉस्टेलची खोली रिकामी असते ही बातमी पहारेकऱ्यानं डिलाईल रोडला पोचवली होती. रिकामी खोली! नाना त्या रात्री जेवले नाहीत म्हणे. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी रातपाळीच्या चौघांना दादरची खोली लावून दिली. मी भिकाजीला उठवून बोललो, रागावलो, हातापाया पडलो. तो डोळे चोळत म्हणाला, “मरांदे रे, तुम्ही दोघे दिवसभर भायेर. खाटी बिचाऱ्यो उगीच उभ्यो.” आणि कूस बदलली.

जोगळेकर तक्रार करील अशी मला भीती होती. पण माणसाचं काही सांगता येत नाही. भिकाजी जाताना जोगळेकरचं धोतर असं घडी घालून ठेवायचा की वाईला त्याच्या आईनंसुद्धा तशी घडी घातली नसेल. त्याच्या कंदिलाची काच पुसून ठेवायचा. आठवडाभरात जोगळेकर संध्याकाळी आल्या आल्या विचारायला लागला, “काय रे, आज तुझे भिकाजीराव आले नव्हते का? बरे आहेत ना?” रविवारी काशीकाकीचा डबा यायचा. जोगळेकर नाकाला पंचा लावून खिडकीत बसायचा, आणि पंचा दर रविवारी थोडा सैल असायचा.

असं हिवाळ्यापर्यंत चाललं. कसं चाललं देव जाणे. मग एक दिवस दादरला मोठा मोर्चा झाला आणि पोलिसांनी अश्रुधूर सोडला. माणसं वाट फुटेल तिकडे पळाली. आमच्या खोलीतली माणसं मात्र वाट फुटेल तिकडे पळाली नाहीत. ती शिस्तीत आपल्या दुसऱ्या खोलीवर आली. मी आणि जोगळेकर आत वाचत होतो. धाडकन दार उघडलं आणि डोळे पुसत, खोकत, शिव्या घालत नाना आत आले, मागून भिकाजी, मागून सगळे. काशीकाकीसुद्धा होती, आणि अश्रुधुरातही तिनं डबा सोडला नव्हता. मी बादलीभर पाणी आणलं. जोगळेकर आपल्या धुतलेल्या धोतराच्या पट्ट्या फाडून लोकांच्या डोळ्यांवर ठेवत होता. आणि तेवढ्यात रेक्टर दारात उभे राहिले.

आमचे रेक्टर म्हणजे गणिताचे प्रोफेसर. उंच, काळा कोट, आवाज बारीक पण धारदार. फाटकाबाहेर पोलीस उभे होते, हॉस्टेलात बाहेरचे लोक शिरले का म्हणून विचारत होते. त्यामुळे ते आधीच घामाघूम झालेले. त्यांनी चष्म्यावरून सगळ्यांकडे बघितलं. “हे कोण?”

“आमच्या गावचे, सर.”

“हे सगळे?”

“नाही सर. थोडे अजून जिन्यात आहेत.”

रेक्टरांनी दीर्घ श्वास घेतला. त्यांची एक सवय होती. कुणी नियम मोडला की ते त्याला हॉस्टेलचे नियम तोंडपाठ म्हणून दाखवत, एकेक बोट वर करून, आणि प्रत्येकानंतर थांबत. त्यांनी पहिलं बोट वर केलं. “या वसतिगृहात बाहेरच्या व्यक्तीस राहता येणार नाही!”

आणि थांबले. आमच्या माणसांना वाटलं, मोठा माणूस आहे, काळा कोट आहे, बोट वर आहे, गाऱ्हाणंच घालतोय. सगळे एका आवाजात म्हणाले, “होय म्हाराजा!”

रेक्टर दचकले. मी मानेनं नाही नाही करत होतो, पण डोळ्यांत अश्रुधूर गेलेल्यांना काय दिसणार? “खोलीत मांसाहार आणता येणार नाही!”

“होय म्हाराजा!” काशीकाकीनं डबा पदराखाली घेत म्हटलं.

“भिंतीस खिळे ठोकता येणार नाहीत!”

“होय म्हाराजा!” यात भिकाजीचा आवाज सगळ्यात मोठा होता, आणि तो आपल्याच खुंटीला टेकून उभा होता.

रेक्टर लाल झाले. त्यांना वाटलं, ही चेष्टा चाललीय. मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं, आणि दोन्ही एकदम आलं की माणसाचा चेहरा फार उद्धट दिसतो हे मला तेव्हा कळलं. तेवढ्यात नाना पुढे झाले. त्यांना एवढंच समजलं होतं की हे इथले कारभारी. त्यांनी जोगळेकरची खुर्ची पुसून पुढे केली. “बसा. मी डिलाईल रोडच्या खोलीचो कारभारी. एक इचारू? तुमच्यो ह्यो सगळ्यो खोल्यो दिवसभर रिकाम्यो रवतत. ह्या काय बरा नाय. तुम्ही पाळी लावा. निजूक माणसां मी देतंय, होयी तितकी.”

“तुम्ही... माणसं देता?” रेक्टर म्हणाले. त्यांचा आवाज आणखी बारीक झाला होता. मग ते माझ्याकडे वळले. “मिस्टर, उद्या सकाळपर्यंत खोली खाली करा.”

बाकी काही कळो न कळो, ‘खोली खाली करा’ हे शब्द गिरणगावात प्रत्येकाला कळतात. नानांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग भिंतीकडे, मग त्या दोन खाटांकडे. खोली गावाची नाही हे वाक्य त्यांच्या डोक्यात पहिल्यांदाच बसलं. त्यांनी टोपी काढली. चारशे मागांच्या वर जाणारा तो आवाज इतका खाली आला की मला पुढे वाकून ऐकावं लागलं. “सायबानू, चूक आमची. आमका वाटला, खोली गावाची. आमका घालवा, पण झिलाक ठेवा. तेची परीक्षा आसा.”

रेक्टर वाईट माणूस नव्हते. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. पण खाली पोलीस होते आणि सगळं हॉस्टेल जिन्यात उभं होतं. “नियम नियम आहे,” ते म्हणाले आणि गेले. नानांनी टोपी डोक्यावर ठेवली नाही. हातातच धरून ते डिलाईल रोडपर्यंत चालत आले. मला त्यांचा फार राग आला होता, आणि ते असे चालताना बघून त्याहून जास्त वाईट वाटत होतं. माझा पहिला वर्ग गेला असंच मी धरून चाललो होतो.

तिसऱ्या दिवशी नानांनी बैठक बोलावली आणि उभे राहून म्हणाले, “परीक्षा सरापर्यंत ही खोली हॉस्टेल. मी रेक्टर.” कुणी हसलं नाही. त्याच दिवशी रातपाळीवाल्यांची सोय शेजारच्या गावांच्या खोल्यांमधून लागली. भिकाजीला घोरण्यामुळे कुठलंच गाव घेईना, तो गल्लीतल्या व्यायामशाळेत मल्लखांबाच्या बाजूला निजायला लागला. गुरुवारचं भजन बंद. पखवाज धोतरात गुंडाळून माळ्यावर गेला. नानांनी कुणाच्या तरी लग्नातला काळा कोट आणला, तो त्यांना आखूड होता, आणि तो घालून ते पाळी संपल्यावर गॅलरीत उभे राहायचे. बादली वाजली की “शूक!” पाळण्यातलं पोर रडलं की “शूक!” रोज सकाळ-संध्याकाळ हजेरी. विद्यार्थी एकच. “दिगंबर!” “हजर.” “बस. वाच.” आणि मग बाहेर बसलेल्या माणसांना कुजबुजून सांगायचे, सगळे हजर हत. ती कुजबुज खालच्या मजल्यावरून कोणीतरी “बरां झाला!” म्हणून परत पाठवायचं.

चार दिवसांनी जोगळेकर वह्यांचं गाठोडं घेऊन आला. म्हणाला, हॉस्टेलात आता फार सुनं सुनं वाटतं, गणिताला दोघं असलेलं बरं. नानांनी कोट घालून त्याची रीतसर मुलाखत घेतली. गाव कुठचं, बाप काय करतो, घोरतोस काय? मग काशीकाकीला हाक मारली, “काकी, ह्यो माश्याक शिवणारो नाय. तेका वालीची भाजी दी.” काकी म्हणाली, “देतंय. पण बिचारो रस्सो तरी घेईत काय?” हजेरी आता दोघांची झाली.

खरं सांगू? सुरुवातीला मला तिथं एक अक्षर वाचवेना. जी चाळ जन्मात गप्प बसली नाही ती अशी गप्प बसली, की मी पान उलटलं तर गॅलरीतून सगळ्यांनी एकदम समाधानाचा सुस्कारा सोडलेला ऐकू यायचा. पान लवकर उलटलं नाही तर नाना दारातून डोकावून बघायचे, पोरगं अडलं की काय. त्या लोकांच्या मनाला बरं वाटावं म्हणून मी कित्येकदा न वाचता पानं उलटली. मग हळूहळू सवय झाली. आज डॉक्टर म्हणून ज्यांनी मला ओळखलं त्यांना वाटतं, मी हुशार होतो. हुशार कसला, एवढी माणसं श्वास रोखून बसलेली असताना ढ राहायला तरी छाती लागते.

इंटरला मला पहिला वर्ग मिळाला, जोगळेकरलाही मिळाला. हे आत्ताच सांगून टाकतो, कारण मला शेवटी सांगायचंय ते वेगळंच आहे.

फिजिक्सच्या पेपराच्या आदल्या दिवसाची गोष्ट. दिवेलागण होत होती. लालबागकडून मोर्चा निघाला आणि आमच्या रस्त्याला वळला. या मोर्चात नाना नव्हते. रेक्टर झाल्यापासून ते एकाही मोर्चात गेले नव्हते, लोक विचारायचे तर म्हणायचे, “हॉस्टेलची ड्युटी आसा.” घोषणा जवळ यायला लागल्या. भिंती हलवणारा आवाज. जोगळेकर म्हणाला, “आता तासभर काही खरं नाही, दिगंबर,” आणि त्यानं पेन्सिल खाली ठेवली. मी कानांत बोळे घालून बसलो. बसलो आणि थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं, की बोळे फार चांगले असावेत, कारण काहीच ऐकू येत नव्हतं. मी ते काढले. तरी काही ऐकू येईना.

आम्ही दोघं गॅलरीत धावलो. नाना तिथं नव्हते. खाली रस्त्यावर, मोर्चाच्या पुढ्यात, आखूड काळा कोट घालून दोन्ही हात पसरून उभे होते. मोर्चाच्या पुढे कांबळे होते, पलीकडच्या चाळीतले, नानांच्याच गिरणीतले, बाबासाहेबांच्या बुद्ध धम्मातले. नाना आमच्या खिडकीकडे बोट दाखवून काहीतरी सांगत होते. कांबळ्यांनी वर बघितलं. “परीक्षा?” ते म्हणाले. “आधी का नाही सांगितलंस? परीक्षेच्या वर काय असतं?” आणि मागं वळून त्यांनी हात वर केला. मागच्यांनी आणखी मागच्यांना सांगितलं. शब्द मागे मागे सरकत गेला आणि त्याच्याबरोबर आवाज विझत गेला. मग तो अख्खा मोर्चा, हजारो माणसं, लाल डोळ्यांची, घसे बसलेली, आमच्या चाळीखालून गप्प चालायला लागली. ढोलवाल्यानं ढोलाला मिठी मारली होती. बायका पोरांच्या तोंडावर हात धरून चालल्या होत्या. काहींनी चपला हातात घेतल्या होत्या. मोर्चाच्या मागून पोलिसांची गाडी येत होती आणि तिच्यातले शिपाई मात्र भयंकर घाबरले होते. ओरडणाऱ्या मोर्चाचं काय करायचं ते त्यांना ठाऊक होतं, ही मंडळी गप्प का झाली ते त्यांना कळेना. ते खिडक्यांतून वर, खाली, चहूकडे बघत होते.

मला रडू फुटलं. आजही लिहिताना फुटतंय, लपवत नाही. ज्या घोषणेसाठी त्या लोकांनी लाठ्या खाल्ल्या, ती त्यांनी माझ्या फिजिक्सच्या पेपरासाठी गिळून टाकली होती. मला ते सोसेना. मी कठड्यावर वाकलो आणि बेंबीच्या देठापासून ओरडलो, “संयुक्त महाराष्ट्र—”

मग सबंध रस्ता एका छातीनं गरजला, “झालाच पाहिजे!” चाळ हादरली. ढोल वाजला. जोगळेकर माझ्या शेजारी चष्मा हातात घेऊन ओरडत होता, पोलिसांच्या गाडीतसुद्धा कोणीतरी हसलं. आणि त्या सगळ्या गदारोळाच्या वर, चारशे मागांच्या वर जाणारा तो एकच आवाज खालून आला. नाना कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत होते.

“मेल्या, एवढ्या लोकांक गप्प केलंय मी तुझ्यासाठी, नि तूच बोंब मारतंस? आत हो! जोगळेकर, तू पण! वाचा!”